शेरा : निरंक

‘त्यात काय, बसल्या बसल्या होऊन जाईल,’ असं मी भर मीटिंगमध्ये म्हणालो. या वाक्यापर्यंत माझं बरं चाललं होतं.

वाक्य मी साहेबांकडे बघून म्हणालो नव्हतो. समोरच्या बशीत शेवटचं बिस्किट उरलं होतं, त्याच्याकडे बघून म्हणालो होतो. पण साहेबांचे कान मोठे निवडक आहेत. मी तळमळीने मांडलेले मुद्दे त्यांना ऐकू जात नाहीत आणि तोंडातून निसटलेलं वाक्य मात्र ते पेन काढून टिपून घेतात. त्यांनी टिपलं, खाली रेघ मारली आणि बिस्किटही उचललं.

आमचं ऑफिस ऑपरेटिंग सिस्टीम बनवतं. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बाकी सगळ्या प्रोग्रॅमांच्या मागे जी मुकाट राबत असते आणि जिची आठवण फक्त ती बंद पडल्यावर येते, ती. घरात हे पद माझ्या बायकोकडे आहे, असं मी एकदा पाहुण्यांसमोर कौतुकाने म्हणालो होतो. ते कौतुक होतं हे तिला पटवण्यात पुढचा सबंध रविवार गेला.

या सिस्टीममधली छोटी अवजारं माझ्याकडे आहेत. काळा पडदा असतो, त्यावर एक शब्द टाइप करायचा, एंटर मारायचं की खाली उत्तर उमटतं. आमच्या आधीच्या लोकांनी या अवजारांना प्रश्नांचीच नावं दिलेली आहेत. ‘किती’ लिहिलं की डिस्क किती भरली ते कळतं, ‘कधीपासून’ लिहिलं की मशीन कधीपासून चालू आहे ते कळतं आणि ‘कोण’ लिहिलं की आत्ता मशीनवर कोण कोण कामाला बसलंय त्याचा तक्ता येतो. आईने एकदा माझा हा पडदा पाहिला. तेव्हापासून ती फोनवर मावशीला सांगते की त्याला अजून रंगीत कॉम्प्युटर दिलेला नाही, पण हा तोंडातून शब्द काढत नाही ग ताई.

तर हे तक्ते माणसांनी वाचायचे म्हणून केलेले. अडचण अशी की हल्ली ते माणसं वाचतच नाहीत, दुसरे प्रोग्रॅम वाचतात आणि वाचतात म्हणजे अक्षरं मोजतात. पहिल्या अमुक अक्षरांत नाव, पुढच्या तमुक अक्षरांत वेळ, असा त्यांचा हिशेब असतो. माझे सासरे टीव्हीचा रिमोट असाच वाचतात, खालून तिसरं बटण, लाल नाही ते. रिमोट बदलला की सासरे निदान ओरडतात तरी. प्रोग्रॅम ओरडत नाही, चुकीचं बटण शांतपणे दाबत राहतो.

आमच्याच हजेरी विभागाचं उदाहरण घ्या. सकाळी मशीनवर बसला तो हजर, असा आमचा नियम आहे आणि कोण बसलंय हे हजेरीचा प्रोग्रॅम ‘कोण’च्या तक्त्यातून मोजून घेतो. हिशेब विभागातल्या एका गृहस्थांचं आडनाव इतकं लांब आहे की ते नावाच्या रकान्यात मावत नाही. शेवटचं ‘कर’ वेळेच्या रकान्यात जातं. त्यामुळे ते गृहस्थ रोज ‘कर’ वाजता ऑफिसला येतात अशी नोंद होत असे. त्यांनी अर्ज केले, खुलासे दिले. शेवटी हजेरी विभागाने ‘कर’ ही वेळ उशिरात धरू नये असा ठराव केला.

यावर उपाय साहेबांना कुठूनतरी कळला होता. प्रत्येक अवजाराला एक जादा पर्याय द्यायचा. तो लिहिला की सुंदर तक्ता न येता प्रत्येक गोष्ट आपलं नाव सांगून पुढे येईल, म्हणजे ‘नाव’ दोन टिंबं अमुक, ‘वेळ’ दोन टिंबं तमुक, भोवती महिरपी कंस. मग यंत्राला मोजावं लागणार नाही, नाव बघून उचलता येईल. हे कोण करेल, असं साहेबांनी विचारलं आणि त्यावर मी वरचं वाक्य बोललो.

इथे मला आईच्या प्रवासाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण माझ्यासाठी सगळा प्रश्न तोच होता. मावशी आईची मोठी बहीण. ती लांबच्या गावी एकटी राहते, बसने अख्खा दिवस लागतो आणि आईला एकटीने तो प्रवास झेपत नाही. मी नेतो, नेतो म्हणत होतो आणि दर वेळी ऑफिसातलं काहीतरी आडवं येत होतं. आता मावशीचे डोळे जात चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उपाय संपले, आहे ते हळूहळू जाणार. मावशी फोनवर रडली वगैरे नाही. ‘दिसतंय तोवर येऊन जा,’ एवढंच म्हणाली. त्या दिवशी आईने बॅग माळ्यावरून काढायला लावली. मी रजा टाकली, ती मंजूर झाली, तिकिटं काढली. रजेच्या आधी काम उरकेल याबद्दल मला शंका नव्हती, कारण ते बसल्या बसल्या होण्यातलं होतं.

कामासाठी समिती नेमली गेली. तिच्यात मी, साहेब आणि शेजारच्या विभागातला एक तरुण होता. तो रोज टाय लावून येतो. आमच्या मजल्यावर टाय लावणारा तो एकटाच असल्यामुळे त्याला सगळे टायवाला म्हणतात आणि त्यालाही ते आवडतं. महिरपी कंस वापरावेत की चौकटी, यावर पहिल्या बैठका झाल्या. टायवाल्याचं म्हणणं होतं की दोन्ही ठेवावेत आणि ज्याला जे हवं ते त्याने मागावं. साहेबांना ही सूचना लोकशाहीला धरून वाटली. काम तिथेच दुप्पट झालं.

मी मसुदा घरी नेला. आमच्या खालच्या मजल्यावर मोजणीवाले काका राहतात. ते जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून जिन्यात उभे असतात. त्यांनी मसुदा माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ वाचला. कंसांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. फक्त, शेरा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो की शेरा नाही, कारण यंत्राला शेऱ्याची गरज नसते. यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी गणिताच्या मास्तरांनंतर कोणाची पाहिलेली नाही. शेवटचा रकाना शेऱ्याचा नसेल तर तो तक्ता अपुरा, वरून परत येतो, असं त्यांनी मला पायरीवर बसवून समजावलं. आयुष्यात काय उपटेल ते आधी सांगता येत नाही, तेव्हा ते लिहायला जागा हवी. इतक्या वर्षांत त्यांच्या शेऱ्याच्या रकान्यात एकदा विहीर आणि एकदा भाऊबंदकी निघाली होती.

मला खरं तर वर जाऊन जेवायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी समितीत सहज काकांची गंमत म्हणून हे सांगितलं आणि साहेब गंभीर झाले. शेरा हवाच, असं ते म्हणाले. त्यांनाही कोणाच्या तरी हाताखाली तक्ते भरण्याची सवय होती. अशा रीतीने ‘कोण’च्या नव्या उत्तरात नाव, वेळ, खोली आणि शेरा असे चार भाग ठरले.

आता शेऱ्यात लिहायचं काय? माणूस येऊन मशीनवर बसला, यावर शेरा मारण्यासारखं काहीच नसतं. मी म्हणालो की जागा मोकळी सोडू. टायवाल्याने हरकत घेतली. मोकळी जागा म्हणजे शेरा नाही, की शेरा माहीत नाही, की शेरा विचारायचाच राहून गेला? हा प्रश्न दिसतो तितका बावळट नाही, यापायी मोठमोठ्या माणसांची डोकी फिरलेली आहेत. माझ्याच घरी बायको ‘काही नाही’ म्हणते तेव्हा त्याचे निदान तीन अर्थ असतात आणि चुकीचा धरला तर ती माझी जबाबदारी असते. शून्य लिहावं, तर शून्य म्हणजे गुण दिल्यासारखं वाटत होतं. आडवी रेघ ओढावी, तर यंत्र तिला वजाबाकी समजलं असतं. शेवटी साहेबांनीच कोंडी फोडली. सांगण्यासारखं काही नसेल तेव्हा मोकळं सोडायचं नाही, ‘निरंक’ लिहायचं, असं ते म्हणाले. शब्द ऐकताच सगळ्यांना बरं वाटलं. त्यात एक भारदस्तपणा आहे, तो लिहिला की काही नसण्यालाही खात्याची मान्यता मिळते.

शेवटच्या बैठकीत मी एक छोटंसं भाषण केलं. ते मला आजही पाठ आहे, कारण पुढे ते मला वारंवार ऐकवण्यात आलं. माणसासाठीचा तक्ता उद्या बदलला तर माणूस सावरून घेतो, असं मी म्हणालो. यंत्र सावरून घेत नाही. म्हणून यंत्राला एकदा जे लिहून दिलं, ते पुढची मोठी आवृत्ती निघेपर्यंत, काही झालं तरी, बदलायचं नाही. हा नियम नव्हे, हे वचन आहे. बोलताना माझा आवाज किंचित कापला. टायवाल्याने ते शब्दशः टिपून घेतलं आणि मला तेव्हा तो मुलगा गुणी वाटला.

नवं ‘कोण’ चालू झालं. पहिल्याच दिवशी हजेरी विभागाने अक्षरं मोजणं सोडलं आणि माझं उत्तर वाचायला सुरुवात केली. लांब आडनावाच्या गृहस्थांची वेळ आयुष्यात प्रथमच आकड्यात उमटली. ते माझ्या टेबलापाशी येऊन माझा हात हातात घेऊन उभे राहिले. मी घरी जाऊन बायकोला हे सांगितलं. तिने आईंची बॅग भरून झाल्याचं सांगितलं.

त्यानंतरच्या सकाळी सबंध ऑफिसची हजेरी रोखली गेली.

झालं होतं ते अगदी सरळ होतं. हजेरी विभागात एक बाई आहेत. त्यांच्या कामात आजवर खोट निघालेली नाही. नवीन उत्तरात शेरा आलेला बघून त्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये एक सुधारणा करून घेतली होती. पटावरचं एकेक नाव घ्यायचं आणि त्याचा शेरा शोधायचा. काही मिळालं नाही, तर माणूस हजर. काहीही मिळालं, तर हजेरी रोखायची आणि त्याला बोलावून म्हणणं ऐकून घ्यायचं. बाकीचे रकाने बघायची गरज नाही, कारण शेरा ही सगळ्यात गंभीर गोष्ट. आता मशीनवर बसलेल्या प्रत्येक माणसापुढे ‘निरंक’ असा शेरा होता. साहेबांपुढे होता, बाईंच्या स्वतःच्या नावापुढेही होता. त्यांनी स्वतःचीही हजेरी रोखली, यावरून त्यांच्या सचोटीची कल्पना यावी.

मी हसत हसत त्यांच्याकडे गेलो. दोन वाक्यांत उलगडा होईल अशी माझी समजूत होती.

‘तुमच्यावर शेरा आहे,’ बाई म्हणाल्या.

‘निरंक म्हणजे काही नाही, बाई.’

‘मग लिहिलंय कशाला?’

‘काही नाही हे कळावं म्हणून.’

‘ते मोकळी जागा बघून कळतं. लिहिलंय म्हणजे काहीतरी असणार. माणूस उगाच शेरा मारत नाही.’ त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. ‘हा मारला कोणी?’

‘‘कोण’नेच मारला.’

‘तेच तर मी तुम्हाला विचारतेय.’

मी स्पष्टीकरण द्यायला लागलो, पण माझं म्हणणं माझी पाळी आली की ऐकून घेतलं जाईल, असं बाईंनी सांगितलं. सुनावणी ज्येष्ठतेने होणार होती. मी मधल्या फळीतला. माझी पाळी आईच्या तिकिटाच्या तारखेनंतर येत होती. तोपर्यंत मंजूर रजाही रोखलेली राहणार होती, कारण जो हजर आहे की नाही हेच ठरलेलं नाही तो रजेवर जाणार कसा? मी यावर बराच विचार केला. मला त्यात चूक सापडली नाही, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

मग मी समितीकडे गेलो. शेऱ्यातला तो एक शब्द काढून टाकू, एवढीच माझी विनंती होती. टायवाल्याने वही उघडली आणि माझं भाषण मला वाचून दाखवलं. ‘हा नियम नव्हे, हे वचन आहे,’ इथे त्याचाही आवाज किंचित कापला. मी म्हणालो की हे मी वेगळ्या संदर्भात बोललो होतो. ‘काही झालं तरी’ असे तुमचे शब्द आहेत, असं तो नम्रपणे म्हणाला.

राहता राहिला बाईंचा नियम. तो बदलायला हजेरी मंडळाची बैठक लागते. बैठक बोलावली, सगळे सभासद येऊन बसलेही, पण त्यांची हजेरी रोखलेली असल्यामुळे त्यांना हजर धरता येईना आणि गणपूर्ती होईना. ते चहा पिऊन उठून गेले.

साहेबांनी मला आत बोलावलं. ते मला जा म्हणू शकत नव्हते आणि जाऊ नका असंही म्हणू शकत नव्हते. त्यांची स्वतःची हजेरी रोखलेली होती, त्यांच्या म्हणण्याला सध्या वजन नव्हतं. पण त्याच आठवड्यात बाहेरची बडी मंडळी आमचं नवं काम बघायला यायची होती. मी तेव्हा इथे नसलो तर प्रात्यक्षिक टायवाला दाखवेल आणि मग पुढचं सगळं त्याच्याच नावावर जाईल, हे त्यांनी खेदाने सांगितलं. माझ्या नोकरीत माझ्या नावावर जावं असं आजवर फारसं काही झालेलं नाही. हे एकच झालं होतं. मला वाईट वाटलं आणि ते मी लपवूही शकलो नाही.

घरी मी ही हकीकत शक्य तितक्या तटस्थपणे सांगितली. मोजणीवाले काका चौकशीला वर आले होते, त्यांनी सगळं ऐकून शेऱ्याचं महत्त्व आता तरी पटलं ना, असं विचारलं. आई ‘राहू दे, पुढच्या वेळी जाऊ,’ म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने मी डोकावलो. ती पलंगावर बसून बॅगेतले कपडे काढत होती. एकेक कपडा नीट घडी मोडू न देता बाजूला ठेवत होती. सगळ्यात तळाशी तिने एक जुना फोटो ठेवला होता, तो तिने बाहेर काढला नाही. बॅगेतच राहू दिला.

बायको माझ्या मागे येऊन उभी होती.

‘अहो, तुमची पुढची आवृत्ती निघेल कधीतरी,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘मावशींचे डोळे थांबणारेत का?’

मी नंतर बरंच काही बोललो. शिस्त, जबाबदारी, माझ्या अनुपस्थितीत टायवाला काय काय बिघडवून ठेवेल, सगळं बोललो. ती ते ऐकत कपडे परत बॅगेत भरत होती.

सकाळच्या बसने आम्ही निघालो. रजा नव्हती, म्हणजे आता माझ्यावर खराखुरा शेरा बसणार होता. वाटेत आईने खिडकी उघडून घेतली, बंद केली, पुन्हा उघडायला लावली. तिने मला एकदाच विचारलं, तुझं काही अडणार नाही ना रे. मी नाही म्हणालो. माझ्याशिवाय काहीच अडत नव्हतं आणि तेच माझं दुःख होतं, पण बसमध्ये ते सांगत बसण्यात अर्थ नव्हता.

मावशी दारात उभी होती. बस आल्यापासून उभी असावी. आई पायऱ्या चढून वर गेली तशी मावशीने तिचा हात धरला, तिला ओढत खिडकीपाशी नेलं आणि हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे केलं. खूप वेळ बघितलं. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

‘केस काळे करायचे सोडलेस होय,’ ती म्हणाली.

‘सोडले.’

‘बरं केलंस.’

मावशीने हनुवटी सोडली नव्हती. मी उगाच चपला सरळ करत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीच्या बाहेरच्या खोलीत माझा फोन वाजला. हजेरीच्या बाई होत्या. त्यांचा आवाज बदललेला होता, त्यात आदर होता. सगळ्या ऑफिसची हजेरी अजून रोखलेलीच आहे, साहेबांची सुनावणीसुद्धा अपुरी राहिली, असं त्यांनी सांगितलं. मात्र पटावरची सगळी नावं तपासताना काल आणि आज फक्त एका माणसापुढे कसलाही शेरा मिळाला नाही. तो माणूस मी होतो, मशीनवर बसलोच नव्हतो तर ‘निरंक’ लागणार कुठून. नियमाप्रमाणे मी दोन्ही दिवस हजर होतो. सध्या हजर असलेला मी एकटाच कर्मचारी असल्यामुळे प्रात्यक्षिक टायवाल्याला दाखवता येणार नाही, हजर न धरलेल्या माणसाकडे काम सोपवता येत नाही. पाहुण्यांना पुढची तारीख दिलेली आहे. मी बाहेरगावी आहे, हे मी त्यांना सांगितलं. तशी काही नोंद नाही, असं त्या म्हणाल्या.

‘कोणाचा फोन?’ आईने विचारलं. तिने आल्यापासून बहिणीच्या घराचा ताबा घेतला होता आणि या वेळी हातात झाडू होता.

‘ऑफिसचा. मी हजर आहे म्हणतात.’

मावशी खिडकीशी खुर्चीत बसली होती. तिने मान वळवली, डोळे बारीक केले आणि आवाजाच्या दिशेने बघत राहिली. मी हललो नाही. तिची नजर आधी माझ्या खांद्यापाशी गेली, मग भिंतीवर, मग हळूहळू तोंडावर येऊन थांबली.

‘आहेच की,’ ती म्हणाली. ‘दिसतोय मला.’

आई झाडत माझ्या खुर्चीपर्यंत आली होती. मी पाय वर घेतले.